पडदा मोठा, माईक दूर

दूरशिक्षणाच्या वर्गासाठी खरेदीची यादी निघाली की पहिल्या ओळीत पडदा असतो. पॅनल ७५ इंची हवा की ६५ इंचीवर भागेल, टच किती बोटांचा, वॉरंटी किती वर्षांची, यावर मुख्याध्यापक आणि पुरवठादार यांचा अर्धा दिवस जातो. माईकची ओळ असलीच तर शेवटी असते, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री तिलाच लागते. छत्रपती संभाजीनगर काय किंवा राज्यातला दुसरा कुठला जिल्हा काय, गेल्या चार दशकांत दूरच्या शिक्षणासाठी जी जी खोली सजवली गेली तिचा हिशेब मांडला तर हीच उलटी तऱ्हा पुन्हा पुन्हा दिसते. दिसणाऱ्या वस्तूवर खर्च, ऐकू येणाऱ्या वस्तूवर काटकसर. पाठवणाऱ्या टोकाला स्टुडिओ, घेणाऱ्या टोकाला कुलूप.

देशातला पहिला मोठा प्रयोग मराठवाड्याच्या उंबरठ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी दाखवली गेली. त्या प्रयोगाचे नाव साईट. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण निजामाच्या राज्यात मराठवाड्याबरोबर नांदलेले गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे कर्नाटकाच्या वाट्यात होते. गावच्या शाळेवर किंवा पंचायतीच्या इमारतीवर तीन मीटर व्यासाची जाळीची ताटली, आत एक टीव्ही, समोर जमिनीवर बसलेली मुले. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. इस्रोने या संचांच्या देखभालीसाठी त्या त्या भागात दुरुस्ती केंद्रे उभी केली होती, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे. पुढच्या योजनांनी उपग्रह घेतला, टीव्ही घेतला. दुरुस्ती केंद्र मात्र घेतले नाही.

१९८४ साली दोन गोष्टी झाल्या. पुण्यात शालेय मुलांसाठी बालचित्रवाणी सुरू झाली आणि १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर दिसू लागली. कार्यक्रम चांगले होते, काही तर फारच चांगले. पण महाविद्यालयातला वर्ग म्हणून पाहिले तर ते एकतर्फी होते, बहुतेक इंग्रजीत होते, आणि त्यांची वेळ दिल्लीने ठरवलेली असायची. जिल्ह्याच्या गावी त्याच वेळेला वेळापत्रकात प्रॅक्टिकल असे, नाहीतर वीज नसे. बालचित्रवाणीचा पुढे निधी आटला आणि २०१७ मध्ये ती बंद झाली.

पुढे एज्युसॅटबरोबर प्रश्न विचारता येईल असा वर्ग आला. हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. फक्त शिक्षणासाठी सोडलेला तो देशाचा पहिला उपग्रह. त्याच्या प्रायोगिक टप्प्यात कर्नाटक आणि मध्य प्रदेशातल्या तंत्रशास्त्र विद्यापीठांबरोबर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे विभागीय केंद्र आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातही आहे आणि मराठवाड्यातल्या हजारो नोकरदारांनी, गृहिणींनी त्याच्या अभ्यासकेंद्रांतून पदव्या घेतल्या आहेत. एज्युसॅटच्या खोल्या दोन प्रकारच्या होत्या. काही केंद्रांना बोलता येत असे, उरलेल्यांनी फक्त ऐकायचे. बोलता येणाऱ्या केंद्रातही उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंच असल्याने आवाजाला एका बाजूने जायलाच पाव सेकंद लागे. प्रश्न गेला आणि उत्तर आले, यात अर्धा सेकंद हवेतच. त्यावर यंत्रांचा वेळ वेगळा. त्यामुळे दोघे एकदम बोलायला लागत, मग दोघे एकदम थांबत, मग पुन्हा दोघे एकदम ‘बोला, बोला’ म्हणत. त्या काळच्या वर्गाचा बराचसा वेळ अशा सौजन्यात गेला! शिवाय प्रादेशिक केंद्रांसाठीच्या केयू बँड लहरी जोरदार पावसात क्षीण होतात, म्हणजे शाळा-कॉलेजे सुरू होण्याच्या ऐन जून-जुलैत अडचण. २०१० मध्ये उपग्रह निवृत्त झाला. ताटल्या दुसऱ्या उपग्रहांकडे वळवायच्या होत्या. ज्या संस्थेत वळवणारे कोणी होते तिथे त्या वळल्या.

याच सुमारास, २००९ पासून, राष्ट्रीय शिक्षण मिशनच्या पैशातून आयआयटी मुंबईचे प्रा. दीपक फाटक यांनी अभियांत्रिकीच्या शिक्षकांचे दूरस्थ प्रशिक्षण सुरू केले. नंतर ‘दहा हजार शिक्षक’ या नावाने ते गाजले. पवईहून व्याख्यान, देशभरच्या महाविद्यालयांत दूरकेंद्रे, मध्ये अमृता विद्यापीठाचे ए-व्ह्यू हे सॉफ्टवेअर. माझ्या मते इतक्या वर्षांत वर्गाची सर्वांत शहाणी मांडणी ही होती, आणि तिचे श्रेय सॉफ्टवेअरला नाही. प्रत्येक दूरकेंद्राला एक समन्वयक नेमलेला असे, त्याला आधी पवईला बोलावून तयार केले जाई, आणि कार्यशाळेत तो खोलीत हजर असे. व्याख्यान तुटले तर पुढचा अर्धा तास तो स्वतः चर्चा घेऊ शकत असे. दूरच्या खोलीतही एक माणूस लागतो आणि तो पगारी लागतो, हे त्या योजनेने कागदावर लिहून ठेवले होते.

आता प्रत्यक्ष खोलीत शिरू. मराठवाड्यातली बहुतेक शाळाखोली डोळ्यासमोर आणायला सोपी आहे. समजा वीस बाय पंचवीस फूट, साडेदहा फुटांवर स्लॅब, खाली शहाबादी फरशी नाहीतर टाइल्स, भिंतींना ऑइलपेंट, दोन बाजूंना लोखंडी खिडक्या. रिकामी असताना टाळी वाजवली तर ती दोन सेकंदांहून अधिक घुमते. मुले बसली, खिडक्या उघडल्या की घुमणे सव्वा-दीड सेकंदावर येते, कारण कपडे आणि दप्तरे आवाज पितात आणि उघडी खिडकी तो बाहेर सोडते. एवढ्या आकाराच्या वर्गासाठी अमेरिकेतले प्रमाण ०.६ सेकंदाचे आहे. गुरुजी समोर उभे असताना ही घुमण फारशी टोचत नाही. दोन कान असतात, ओठ दिसतात, मेंदू नको ते गाळून टाकतो. माईक काहीही गाळत नाही. तो गुरुजींचा शब्द, भिंतीवरून परत आलेला तोच शब्द, डोक्यावरचा पंखा आणि शेजारच्या वर्गातले पाढे असे सगळे एकत्र कालवून पाठवतो. पलीकडे ऐकणाऱ्या मुलाला शब्द कळतो, पण कष्टाने. वीस मिनिटांत ते थकते आणि आपण म्हणतो, ऑनलाइनमध्ये मुलांचे लक्ष लागत नाही.

पंख्याची गोष्ट तर खास आपल्याकडची. पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ सांगतात, रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवा. एप्रिलमध्ये पारा ४२ अंशांवर असताना पैठणच्या किंवा वैजापूरच्या वर्गात पंखा बंद करून दाखवा! जिथे छप्पर पत्र्याचे आहे तिथे पावसाची सर आली की वर्ग संपलाच. म्हणून गोंगाट थांबवण्यापेक्षा माईक तोंडाजवळ नेणे हाच उपाय उरतो, आणि तो स्वस्तही आहे. अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो. टेबलावरच्या लॅपटॉपचा माईक गुरुजींपासून आठ फुटांवर, कॉलरला लावलेला सहा इंचांवर. दोहोंत चोवीस डेसिबलचा फरक पडतो. वायरवाला कॉलर माईक काही शे रुपयांत येतो, बिनवायरचा काही हजारांत. लाखाच्या पॅनलपुढे ही रक्कम चिल्लर आहे, तरी दहा डिजिटल वर्ग पाहिले तर कॉलर माईक एखाद्यात सापडतो.

दुसरा माईक मुलांचा. तो विसरला की दूरचा वर्ग पुन्हा १९८४ च्या टीव्हीवर जातो. छतावर बसवायचे माईकचे महागडे संच असतात, पण आपल्या घुमणाऱ्या खोलीत आणि पंख्याखाली ते मार खातात. लांब वायरीचा, बटण दाबल्यावरच चालू होणारा हातातला माईक बरा. तो बाकाबाकावरून फिरतो, प्रश्न विचारणाऱ्याला उभे राहावे लागते आणि सगळ्यांना कळते की आता कोण बोलतेय. स्पीकर मात्र माईकच्या समोर नको. एका खोलीत दोन शिक्षक दोन मोबाइलवरून एकाच मीटिंगमध्ये शिरले की जी कुई उठते ती २०२० नंतर कोणाला समजावून सांगायला नको. घुमण कमी करायला ध्वनिशोषक फळ्यांचे कोटेशन मागवायची गरज नसते. खाली सतरंज्या, मागच्या भिंतीवर कापड ताणलेला मोठा सॉफ्टबोर्ड आणि त्यावर मुलांची चित्रे, खिडक्यांना जाड पडदे. यात मागची भिंत सर्वांत महत्त्वाची, कारण स्पीकरचा आवाज तिच्यावर आदळून परत येतो.

पडद्याबद्दल एक साधे गणित आहे आणि खरेदी समितीत ते क्वचितच कोणी करते. शेवटच्या बाकाचे अंतर पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा जास्त नसावे. ७५ इंची पॅनल हे माप कर्णाचे. उंची भरते जेमतेम ३७ इंच. सहापट म्हणजे साडेअठरा फूट. ६५ इंचीचे सोळा फूट. वर सांगितलेल्या पंचवीस फुटी खोलीत शेवटच्या दोन ओळींना पॅनलवर नुसती हालचाल दिसते. यावर दोनच वाटा आहेत: मुलांना पुढे सरकवा, किंवा अक्षर मोठे करा. आपल्या लिपीला तर अक्षर मोठे करण्याचे आणखी एक कारण आहे. रेंज कमी झाली की चित्र दाबले जाते आणि पहिला बळी अनुस्वाराचा जातो, मग ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी. आपल्या शहरात उर्दू माध्यमाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत. नस्तालीकमध्ये तर अक्षराची ओळखच नुक्त्यांवर, आणि ओळी तिरप्या उतरत असल्याने उंचीही जास्त लागते. इंग्रजी स्लाइडचा साचा घेऊन त्यात मराठी किंवा उर्दू मजकूर ओतला की तो शेवटच्या बाकावर पोहोचत नाही. एका पानावर सहा-सात ओळी, त्यापुढे नाही, एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ.

कॅमेऱ्याबाबत सर्वांत मोठी चूक खिडकीची. गुरुजींच्या पाठीमागे खिडकी आली की ते सावलीतल्या साक्षीदारासारखे दिसतात. खिडकी समोर किंवा बाजूला हवी आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. पॅनलच्या माथ्यावर बसवलेला कॅमेरा मुलांना टिपायला ठीक, पण गुरुजी पॅनलवर लिहू लागले की दूरच्या मुलांना फक्त त्यांचा माथा किंवा खांदा दिसतो. म्हणून दोन कॅमेरे लागतात: एक चेहऱ्यावर, एक कागदावर. कागदावरच्या कॅमेऱ्याला बाजारात डॉक्युमेंट कॅमेरा म्हणतात आणि पैसेही बरे घेतात. कोविडच्या टाळेबंदीत मात्र लोकांनी तो घरीच बनवला. पुण्यातल्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेने कपड्यांच्या हँगरला चिंध्यांनी मोबाइल बांधून तो फळ्यासमोर लोंबता ठेवला होता. त्याचे छायाचित्र देशभर फिरले. कोणी फ्रिजमधला पारदर्शक ट्रे दोन डब्यांवर आडवा ठेवला, वर मोबाइल, खाली वही. याला जुगाड म्हणून हसण्यात अर्थ नाही. हात, लेखणी आणि तयार होत जाणारे अक्षर मुलांना दिसले पाहिजे, हे त्या ट्रेने कित्येक स्टुडिओंपेक्षा नीट ओळखले होते.

विजेचे रडगाणे नवे नाही, पण त्यातला एक बारकावा सहसा सुटतो. भारनियमनावर इन्व्हर्टर बसवला म्हणून वर्ग चालू राहतोच असे नाही. १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात. पॅनल, राऊटर आणि दोन पंखे धरले तरी नव्या बॅटरीवर तीन-चार तास निघावेत. गोची होते ती वीज गेल्या क्षणी. इन्व्हर्टरच्या मागे साधा आणि यूपीएस असे दोन मोड असतात. बटण साध्यावर असेल तर क्षणभर खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, पण राऊटर आणि फायबरचे डबडे बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि दोन-तीन मिनिटे पलीकडची मुले गोठलेल्या चेहऱ्याकडे बघत बसतात. राऊटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा दिला की काम भागते. आणि बिलाचे काय? राज्यात बिल थकल्याने जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. डिजिटल शाळेचा फलक बाहेर आणि मीटर काढून नेलेला, असे चित्र त्यातून उभे राहते. पॅनल योजनेतून येतो, बिल शाळेच्या किरकोळ खर्चाच्या सादिल अनुदानातून भागवायचे, आणि सादिल पुरत नाही. गुरुजी वर्गणी काढतात.

इंटरनेटविषयी थोडक्यात. वर्ग पाठवणाऱ्या खोलीला अपलोडचा वेग लागतो, डाऊनलोडचा नव्हे, आणि जाहिरातीत नेहमी दुसराच आकडा मोठा छापलेला असतो. दीड एमबीपीएसचे चित्र तासभर पाहिले की पावणेसातशे एमबी डेटा जातो; म्हणजे दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये दोन तास झाले की मूल बाहेर. फक्त आवाज पाठवला तर याच डेटात कित्येक पट तास बसतात. रेंज कमी असलेल्या गावासाठी आधी आवाज, मग स्थिर पान, सर्वांत शेवटी चेहरा, असा क्रम लावायला हवा. आपण मात्र सहसा उलटा क्रम लावतो.

हे सगळे २०२० मध्ये एकदम उघडे पडले. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि दूरचा वर्ग म्हणजे घर झाले. वाळूजच्या कारखान्यात बाप शिफ्टला गेला की घरातला एकुलता फोनही त्याच्याबरोबर जाई. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या पोरांचे तर नावच नको. ‘असर’ या शैक्षणिक अहवालासाठी त्या वर्षी ग्रामीण भारतात फोनवरून केलेल्या पाहणीत जवळपास ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला, पण पाहणीच्या आठवड्यात थेट ऑनलाइन तासाला बसलेली मुले होती ११ टक्के. हा फरक फोनने भरून निघणारा नव्हता. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका आली. पालघरच्या जव्हार-मोखाड्यात गावोगाव भोंगा फिरवून ‘बोलकी शाळा’ भरली. सोलापुरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. यातली टीव्हीची आणि भोंग्याची वाट मला जास्त प्रामाणिक वाटते. समोरच्याकडे काय आहे ते आधी पाहून त्या वाटा निवडलेल्या होत्या.

आपल्या जिल्ह्यातले सर्वांत बोलके उदाहरण गाडीवाटचे. शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरचे हे गाव. रस्ता वाईट, इंटरनेट मात्र पोहोचलेले. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ च्या सप्टेंबरमध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, परदेशी भाषा शिकायची तर कोणती? बहुतेक मुलांनी जपानी म्हटले, कारण त्यांना रोबो आणि तंत्रज्ञानाचे वेड. पुस्तक नव्हते, शिकवणारे नव्हते. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराचे ॲप यांवर सुरुवात केली. पुढे शहरातल्या एका जपानीच्या जाणकाराच्या कानावर हे गेले आणि २०२० च्या जुलैपासून ते मोबदला न घेता ऑनलाइन तास घेऊ लागले. सत्तरेक मुले शिकत होती, आणि त्या सगळ्यांकडे स्मार्टफोन नव्हता. त्यावर शाळेने ‘विषय मित्र’ अशी व्यवस्था काढली. ज्याच्या घरी फोन आहे त्याने तास ऐकायचा आणि मग फोन नसलेल्यांना शिकवायचे.

साधनांच्या दृष्टीने पाहिले तर गाडीवाटच्या वर्गात मिरवण्यासारखे काहीच नव्हते. मोबाइल, तोही कुणाच्या तरी घरचा. पण पवईच्या योजनेतला पगारी समन्वयक इथे दहा-बारा वर्षांच्या पोराच्या रूपात हजर होता. दूरच्या शिक्षकाचा आवाज आणि जवळ बसलेला कोणीतरी, ही जोडी जमली की तंत्र कमअस्सल असले तरी चालते. एवढ्यावर ‘साधने नकोत, तळमळ हवी’ असा निष्कर्ष काढायला काही मंडळी टपलेली असतात, तो मला मान्य नाही. त्या पोरांना एक बरा स्पीकर आणि शाळेत चालू असलेले वायफाय मिळाले असते तर विषय मित्राला ऐकलेले पाठ करून सांगावे लागले नसते.

टाळेबंदी संपली आणि पैसा पुन्हा पॅनलकडे वळला. समग्र शिक्षा, पीएम श्री, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, कंपन्यांचा सीएसआर असे पाचसहा झरे आहेत, आणि प्रत्येकाला उद्घाटनाच्या फोटोत मावेल अशी वस्तू हवी असते. सतरंजी फोटोत येत नाही, कॉलर माईक तर दिसतही नाही. आलेली वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढते, आणि मग तिचे मोडणेही शिक्षकाला परवडत नाही. निर्लेखनाची फाईल वर्षानुवर्षे फिरते. म्हणून पॅनलवर कापड टाकून ठेवायचे, अधिकारी आले की काढायचे. मुलांनी हात लावू नये म्हणून टच पॅनलला काच बसवल्याची उदाहरणेही गुरुजी हसत हसत सांगतात.

मला विचाराल तर पुढच्या खरेदीत एका पॅनलचे पैसे कापून प्रत्येक तालुक्याला एक तंत्रज्ञ द्यावा. जिल्हा परिषदेकडे हातपंप दुरुस्तीची पथके आहेत. त्यांच्याकडे गाडी असते, पाने असतात, सुटे भाग असतात; गावाने तक्रार केली की आज ना उद्या पथक येते, कारण पंप बसवला तेव्हाच तो मोडणार हे धरलेले होते. शाळेतला पॅनल बंद पडला की मुख्याध्यापक पुरवठादाराच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन लावतात, तो वॉरंटीच्या तारखा विचारतो, आणि तारीख टळलेली असते. तंत्रज्ञाच्या पिशवीत फार काही लागणार नाही: दोन कॉलर माईक, लांब एचडीएमआय केबल, राऊटरचा छोटा यूपीएस, जादा अडॅप्टर आणि इन्व्हर्टरमागचे ते बटण कुठे असते याची माहिती. त्याचे पद कोणत्या लेखाशीर्षात बसवायचे हे मात्र आधी ठरवावे लागेल, कारण पॅनलसाठी शीर्ष आहे आणि माणसासाठी नाही.